वर्षाची चटणी आणि भिंतीवरचा तक्ता

२०२४ च्या जानेवारीत विश्रामबागेतल्या एक बाई दुकानात आल्या. पाव किलो धणे घेतले, पैसे दिले, आणि जायचं सोडून मागच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. आत कांडप चालू होतं, ठसका पार गल्ल्यापर्यंत येत होता.

"तुमच्याकडे चटणी कुटून मिळते?"

मी हो म्हटलं.

"अहो, तीन वर्षं झाली आम्हाला सांगलीत येऊन. मी दर उन्हाळ्यात मिरची घेऊन माहेरी जाते, कऱ्हाडला. इथं कुठं कुटतात तेच कळत नव्हतं."

विश्रामबागेतून आमच्या दुकानात यायला रिक्षानं वीस मिनिटं लागतात. अण्णा, म्हणजे माझे सासरे, गणपती पेठेच्या मागच्या अंगाला चाळीस वर्षं हे दुकान चालवतात. पुढं मिरची, मसाल्याचे जिन्नस, हळद, भाजणी, उपासाचं सामान. मागं दोन कांडपं, म्हणजे मिरची-मसाला कुटायची यंत्रं. आसपासच्या दहा गल्ल्यांत आम्हाला न ओळखणारं घर नाही. आणि इथून चार-पाच किलोमीटरवरची एक बाई मिरचीचं पोतं एसटीत घालून कऱ्हाडला नेत होती.

त्या बाईंचं बोलणं मला फार लागलं. जुनी गिऱ्हाइकं येतात ती त्यांच्या आया आणि आज्या आमच्याकडे यायच्या म्हणून. विश्रामबाग, कुपवाडची बाजू, मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या नव्या सोसायट्या, इथं राहायला आलेल्या बायकांच्या आया सोलापूरला, बीडला, बेळगावला. त्या कुणाला विचारणार? फोनलाच विचारणार. आणि फोनमध्ये आम्ही नव्हतो.

मी कामाला लागले. आधी जे केलं ते चुकलं, आणि का चुकलं ते कळायला मला तीन महिने लागले, म्हणून तेही सांगते.

ओळखीतल्या एकांनी एका सोशल मीडियाचं काम करणाऱ्या संस्थेकडून तयार कंटेंट कॅलेंडर आणून दिलं. महिन्याला तीस चौकोन, तीस पोस्ट. सोमवारी सुविचार, मंगळवारी 'तुम्हाला माहीत आहे का', बुधवारी उत्पादनाचा फोटो, आणि मध्ये मध्ये जागतिक अमुक दिन, राष्ट्रीय तमुक दिन. सणाला शुभेच्छा आणि कोपऱ्यात दुकानाचं नाव. हेच कॅलेंडर चपलांच्या दुकानाला आणि दातांच्या दवाखान्यालाही तसंच्या तसं चाललं असतं. पण तेव्हा मला ते दिसलं नाही. मी इमानेइतबारे फेब्रुवारी आणि मार्च, दोन महिने रोज रात्री दुकान बंद झाल्यावर पोस्ट टाकल्या. पसंत्या येत होत्या, नाही असं नाही. माझ्या दोन्ही नणंदा, भाचेमंडळी, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी. कुणीही नवीन माणूस त्या पोस्टी बघून पायरी चढलं नाही. आणि तो काळ कसला? ऐन चटणीचा! आमचं वर्षाचं निम्मं उत्पन्न फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत होतं.

त्या दिवसांत अण्णा एकदाच बोलले. "तू रोज काहीतरी सांगतेस, चांगलं आहे. पण लोक काय विचारतात ते बघितलंस का?"

गल्ल्याशेजारी उधारीची जुनी वही असते. तिच्या मागच्या पानापासून मी उलटं लिहायला सुरुवात केली. दुकानात किंवा फोनवर कुणीही प्रश्न विचारला की तारीख घालून तो जसाच्या तसा लिहायचा. 'ब्याडगी आली का?' 'संकेश्वरी खरी आहे ना?' 'देठ काढून देता का?' 'एक किलो मिरचीला धणे किती?' 'कांदा तळून आणू का वाळवून?' 'थांबावं लागेल का ठेवून जाऊ?' 'माझ्याच मिरचीची मिळेल ना, दुसऱ्याची मिसळणार नाही?' 'रविवारी चालू असतं?' तीन महिन्यांत पंचवीस-तीस पानं भरली. एका दुपारी मी आणि धाकटी जाऊ ती पानं घेऊन बसलो आणि सारखे प्रश्न एका रंगाच्या पेनानं जोडत गेलो.

पहिली गोष्ट दिसली ती शब्दांची. मी पोस्टमध्ये लिहीत होते 'कांदा-लसूण मसाला'. वहीत तो शब्द जेमतेम चार वेळा होता, तोही पुण्या-मुंबईकडून आलेल्यांच्या तोंडी. आमच्याकडे त्याला चटणी म्हणतात. 'वर्षाची चटणी करायची आहे' असं म्हणतात. आणि जिथं कुटतात त्या जागेला कुणी कांडप म्हणतं, कुणी डंक, कुणी नुसतंच 'चटणी कुटायची गिरणी'. आम्ही इतकी वर्षं पाटीवर 'मसाला केंद्र' लिहून बसलो होतो. ज्या शब्दानं माणूस शोधतो तो शब्दच आमच्याकडे कुठं लिहिलेला नव्हता.

दुसरी गोष्ट तारखांची. एकच प्रश्न वर्षभर सारखा येत नाही. मिरचीच्या भावाचे प्रश्न फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. प्रमाणाचे प्रश्न मार्चमध्ये. 'नंबर कधी लागेल' हा प्रश्न एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून. म्हणजे बाई आधी भाव काढते, मग मिरची घेते, ती वाळवते, देठं खुडते, मग प्रमाण विचारते आणि सगळ्यात शेवटी कांडपावर येते. मिरची घेण्यापासून कुटण्यापर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. मी मात्र मार्चच्या अखेरीस मिरचीचे फोटो टाकत होते. तोवर घरोघर मिरची उन्हात पडलेली होती.

इथून पुढं मी तयार कॅलेंडर बाजूला ठेवलं. कार्डशीटचे चार मोठे कागद चिकटवून मागच्या खोलीच्या भिंतीवर तक्ता केला. आडवे बावन्न आठवडे. प्रत्येक आठवड्याखाली तीन ओळी. सगळ्यात खाली: गिऱ्हाईक पैसे कधी देतं. मधे: घरात ते ठरतं कधी. वर: आम्ही बोलायचं कधी. खालची ओळ आधी भरायची आणि तिथून मागं मोजत वर जायचं. हे मोजणं सोपं वाटतं, पण त्यासाठी पदार्थ हातानं केलेला असावा लागतो.

अनारशाचं उदाहरण देते. या वर्षी, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला अनारशांचं वाण, आणि पुष्कळ घरांत ते तेहतीस मोजून देतात. ही संधी साधारण तीन वर्षांनी येते. मागच्या वेळी, २०२३ ला, अधिक श्रावण होता आणि आम्ही तो सपशेल हुकवला होता. आता मागं मोजू. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत निथळून वाळवायचे, किंचित ओल असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून मळून गोळे करून ठेवायचे, आणि ते पीठ निदान चार-पाच दिवस मुरायचं. म्हणजे पहिल्या आठवड्यात वाण द्यायचं असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात तांदूळ भिजले पाहिजेत. ज्या घरात एवढा उरक नाही ते तयार पीठ घेतील, पण तेही आधी सांगून ठेवतील. मग आमची पोस्ट एप्रिल संपता संपता गेली पाहिजे. आणि एप्रिल संपता संपता आमच्याकडे चटणीची सगळ्यात मोठी रांग असते, कांडपाला क्षणाची उसंत नसते. तेव्हा तांदूळ कुटायला पहाटेचे दोन तास राखून ठेवले, मिरची सुरू व्हायच्या आधी, सगळं धुऊन-पुसून. हे तक्त्यावर जानेवारीतच दिसलं म्हणून जमलं.

याच अधिक महिन्यामुळं पुढचे सगळे सण सरकलेत. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, या वर्षी १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी २१ ऑक्टोबरला, या वर्षी ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या तारखा उचलून नव्या वर्षात ठेवल्या असत्या तर भाजणी आणि चकलीच्या पिठाचं सगळं बोलणं अडीच आठवडे आधीच होऊन गेलं असतं. माझं तर ठरलंच आहे, डिसेंबरात नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की पहिलं काम तिथींवर बोट ठेवून तक्त्यावर खुणा करायच्या. श्रावणाच्या आधीच्या आठवड्यात एक खूण 'बिनलसणाची' या शब्दाची. हा प्रश्न वहीत दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्या बायका जरा संकोचून विचारतात, जणू आमच्याकडे कांदा-लसणाशिवाय काही असणारच नाही. गोडा मसाला, बिनलसणाची चटणी, हे त्यांनी विचारायच्या आधी आम्ही सांगितलं पाहिजे.

आता फोनमधल्या कामाबद्दल.

सगळ्यात आधी गुगल बिझनेस प्रोफाइल. इथं लोक घाई करतात आणि आम्हीही केली होती. आमच्या दुकानाची जागा नकाशावर कुणीतरी कधीतरी टाकलेली होती, ती पिन शेजारच्या गल्लीत होती. माधवनगरहून आलेले एक काका उन्हात पाच किलो मिरची डोक्यावर घेऊन त्या गल्लीत दोनदा फिरले आणि मग विचारत विचारत आले. वेळही चुकीची होती. साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते ते तिथं नव्हतं, त्यामुळं सोमवारी येऊन कुलूप बघून परत गेलेल्या एकांनी एक तारा देऊन ठेवला होता. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी त्यांना उत्तरात लिहिलं की चूक आमची होती, वेळ आता दुरुस्त केली आहे. पिन हलवली, सुट्टी टाकली, दुकानाची माहिती चटणी, कांडप, मिरची कुटणे हे शब्द घालून नव्यानं लिहिली. संस्थान गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक पाचव्या दिवशी असते, त्या दिवशी आमच्या भागात गाडी आणता येत नाही, तर त्या दिवसाची वेगळी वेळ आधीच भरून ठेवली.

गुगल स्वतःच सांगतं की जवळचं दुकान दाखवताना ते तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दाशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती, आणि दुकान किती नावाजलेलं आहे. अंतर काही आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टींत आपण काम करू शकतो. मी पहिल्या वर्षी वीस-पंचवीस जुन्या गिऱ्हाइकांना विनंती केली की तुम्हाला जे वाटतं ते लिहा, काय कुटून नेलं ते लिहा. पढवलं काही नाही. त्यांनी 'आठ किलो चटणी कुटली, आपल्यासमोर कुटतात, मिसळत नाहीत' असं त्यांच्या शब्दांत लिहिलं. त्या 'मिसळत नाहीत'चा मला किती उपयोग झाला सांगू! नवीन माणसाची सगळ्यात मोठी शंका तीच असते.

मग व्हॉट्सॲप. बिझनेस ॲप घेतलं, ब्रॉडकास्ट यादी केली. एका यादीत २५६ नंबर बसतात. मी मोठ्या उत्साहानं पूर्ण यादी भरली आणि 'नवी ब्याडगी आली' असा निरोप पाठवला. फारच थोड्या लोकांना पोचला. नंतर कळलं की ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो. आमच्याकडे त्यांचे नंबर होते, त्यांच्याकडे आमचा नव्हता. तेव्हापासून कांडपाची पावती देताना मी म्हणते, "ताई, हा नंबर सेव्ह करून ठेवा, तुमची चटणी झाली की यावरूनच निरोप येईल." कामासाठी नंबर सेव्ह होतो आणि तो राहतो. आणि आमच्याकडून वर्षाला आठ-दहापेक्षा जास्त निरोप जात नाहीत, हे मी पाळते. घरच्या फोनमध्ये शिरायला मिळालेली जागा आहे ती, तिचा मान ठेवायला हवा.

इन्स्टाग्रामची गोष्ट थोडी वेगळी आहे. भाचा सुट्टीला आला होता, त्यानं कांडपाचं रील केलं. सकाळी साडेसातला मागच्या खोलीत वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येते आणि बरोबर उखळावर पडते. कोरडी मिरची कुटून झाली की भुकटी उजळ लाल, जवळजवळ शेंदरी दिसते. मग अण्णांनी तळलेला कांदा, भाजलेलं खोबरं आणि लसूण घातला. मुसळ दहा-बारा वेळा पडलं तोवर काहीच फरक नाही. मग कडेनं तेल सुटायला लागलं, भुकटी उडायची थांबली, तिचे गोळे व्हायला लागले आणि बघता बघता रंग उतरत उतरत गडद, काळसर लाल झाला. अण्णांनी चिमूट घेऊन तळहातावर दाबली, बोटाचा ठसा उमटला, आणि त्यांनी मान हलवली. झाली. मी हे वीस वर्षं बघते आहे, तरी त्या दिवशी फोनच्या पडद्यावर बघताना मला भरून आलं.

रील खूप चाललं. दुबईहून, नागपूरहून, अमेरिकेतून लोकांनी लिहिलं. आजीची आठवण आली म्हणाले. मला त्याचा आनंद आहे, आणि ते रील मी पुन्हा करीन. पण त्या आठवड्यात रांगेत एकही नवं गिऱ्हाईक ते बघून आलं नाही. त्याच आठवड्यात मी गुगलवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसला एक साधा फोटो टाकला होता, रिकाम्या बाकाचा. 'आज दुपारी १२ ते ३ गर्दी नाही. मिरची आणा, दीड तासात चटणी घेऊन जा.' दुपारी सात जणी आल्या. त्यांतल्या तिघी पहिल्यांदाच.

त्यानंतर मी प्रत्येक नव्या माणसाला विचारते, "आमचं दुकान कसं कळलं?" आणि वहीत एक अक्षर लिहिते. गु म्हणजे गुगल, व्हॉ म्हणजे व्हॉट्सॲप, इ म्हणजे इन्स्टाग्राम, शे म्हणजे शेजारीण. शे अजूनही सगळ्यात जास्त आहेत आणि मला वाटतं तसेच राहतील. त्याखालोखाल गु. म्हणून आठवड्यातला माझा पहिला तास गुगलला जातो, नवीन फोटो, नवीन वेळ, आलेल्या अभिप्रायाला उत्तर. रील जमलं तर. लाइकपेक्षा या अक्षरांकडे बघून तक्ता भरावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आणि वहीतले प्रश्न म्हणजे पोस्टच असतात, नवं काही सुचावं लागत नाही. 'एक किलो मिरचीला धणे किती' हा प्रश्न मी जसाच्या तसा वर लिहिला आणि खाली आमच्या घरचं प्रमाण दिलं: धणे पाव किलो, खोबरं पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, लसूण पाव किलो, कांदा अर्धा किलो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, आधी हे पटलं नव्हतं. घरचं प्रमाण असं सगळ्यांना सांगायचं? पण ज्या बाईला प्रमाण कळलं ती ते सामान घ्यायला आमच्याकडेच आली, आणि येताना तिच्या माहेरचं प्रमाण सांगून गेली. आता आई स्वतः विचारतात, "या वर्षी प्रमाणाचं टाकलंस का गं?" ती पोस्ट मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाते. दर वर्षी तीच, फोटो फक्त नवा.

गेलं वर्ष, २०२५, हे तक्त्याचं पहिलं पूर्ण वर्ष. आणि त्या वर्षानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच कॅलेंडरनं शिकवलं नसतं.

मी गर्दी मार्चकडे वळवायचं ठरवलं होतं. एप्रिल-मेमध्ये लोकांना तीन-तीन तास थांबावं लागतं, मार्चमध्ये कांडप अर्धा दिवस मोकळं असतं. पण ज्यांच्या घरी दहावी-बारावीचं मूल आहे त्या बाया मार्चच्या मध्यापर्यंत मिरचीला हात लावत नाहीत. घरात ठसका नको, पसारा नको. म्हणून मार्चच्या पोस्ट मी ज्यांची मुलं लहान आहेत किंवा मोठी होऊन बाहेर गेलीत त्यांच्यासाठी लिहिल्या. आणि मग त्या वर्षी राज्यभर एकच वेळापत्रक लागलं, पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत गेल्या. लहान मुलांच्या आयाही अडकल्या. सगळी रांग मेवर गेली.

आणि मेमध्ये पाऊस. वळवाची एखादी सर नव्हे, दिवसच्या दिवस पाऊस. गच्चीवर घातलेली मिरची लोकांनी धावत आत घेतली, तरी ती सादळली. ओलसर मिरची कुटली की चटणीला बुरशी धरते, वर्षाचा जिन्नस सहा महिन्यांत टाकायची वेळ येते. रांगेत आलेल्या पिशव्या अण्णा हातात घेऊन मिरची मोडून बघत होते. कट्ट आवाज आला तर ठीक, नाहीतर परत. परत पाठवताना त्यांना जीवावर येत होतं. त्या संध्याकाळी तक्त्यावर जे लिहिलं होतं ते मी खोडलं आणि एक व्हिडिओ केला, फक्त अण्णांचे हात आणि दोन मिरच्या. एक मोडताना आवाज येतो, दुसरी नुसती वाकते. 'वाकणारी मिरची आणू नका. घरी मोठ्या कढईत मंद आचेवर थोडी थोडी शेकून घ्या, गार करा, मग या. जमत नसेल तर आमच्याकडे शेकून देऊ.' तो व्हिडिओ गावभर फिरला. सोसायट्यांच्या ग्रुपवर गेला. कवठेमहांकाळ, तासगावहून फोन आले. रीलला दुबईहून लोक आले होते, हा व्हिडिओ सांगलीत फिरला.

तेव्हापासून तक्त्यावर प्रत्येक महिन्यात एक आठवडा मी मुद्दाम कोरा ठेवते. जाऊबाई सुरुवातीला म्हणायच्या, "हे विसरलीस का भरायचं?" आता त्यांना माहीत आहे.

ऑगस्टमधली गोष्ट मात्र सांगताना आजही जड जातं.

पाऊस लागला की दुकानात गिऱ्हाईक कमी. म्हणून जुलै-ऑगस्टच्या पोस्ट मी आधीच करून वेळ लावून ठेवल्या होत्या, त्या आपोआप जायच्या. मधल्या ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढला आणि कृष्णा चढायला लागली. सांगलीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या दुकानाच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, मुद्दाम पुसलेली नाही. पाणी वाढतंय म्हटल्यावर आम्ही खालची पोती माळ्यावर चढवत होतो. सगळं शहर फोनवर फुटांचे आकडे बघत होतं. आणि त्याच संध्याकाळी सहा वाजता आमची पोस्ट आपोआप गेली. 'बाहेर पाऊस आणि ताटात गरमागरम थालीपीठ! आमची भाजणी आजच न्या.'

नदीकाठच्या भागातल्या एका जुन्या गिऱ्हाईक मावशींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "अगं, आम्ही फ्रिज जिन्यावर चढवतोय. तुझी ती थालीपिठाची जाहिरात आली बघ." एवढंच बोलल्या. मी पोस्ट लगेच काढली आणि त्यांची माफी मागितली. त्या रात्री फोन घेऊन पुढच्या लावलेल्या सगळ्या पोस्ट एकेक करून पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातानं लिहून टाकलं: दुकान चालू आहे का, कुठल्या बाजूनं रस्ता मोकळा आहे, ज्यांची चटणी किंवा सामान आमच्याकडे ठेवलेलं आहे ते माळ्यावर सुरक्षित आहे, कुणाला घरातली वर्षाची चटणी उंचावर ठेवायला जागा हवी असेल तर बरण्यांवर नाव लिहून आणा. अकरा घरांच्या बरण्या आल्या. पाणी ओसरल्यावर त्या मावशी त्यांची बरणी न्यायला आल्या तेव्हा मी पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे, उपासाची भाजणी दे अर्धा किलो."

आता तक्त्यावर १५ जुलै ते ३१ ऑगस्ट हा पट्टा निळ्या खडूनं रंगवलेला आहे. त्या पट्ट्यात आधी लावून ठेवलेली एकही पोस्ट नसते. जे जाईल ते त्या दिवशी सकाळी पाण्याची बातमी बघून. या वर्षी आषाढी २५ जुलैला आणि श्रावण १३ ऑगस्टला लागतो, म्हणजे उपासाचं आणि बिनलसणाचं सगळं बोलणं याच पट्ट्यात येतंय. ते मजकूर लिहून तयार आहेत, पण वहीत आहेत. फोनमध्ये नाहीत.

हे लिहिते आहे ती एप्रिलची शेवटची रात्र आहे. अनारशाच्या पिठाची पोस्ट परवा गेली आणि आजपर्यंत चौदा जणींनी नाव सांगितलं. त्यांतल्या पाच जणींनी एकच गोष्ट विचारली, जी माझ्या मनातही आली नव्हती: 'गुळाचं की साखरेचं?' अण्णांनी ती माझ्या आधी वहीत लिहून ठेवली होती, त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात, तारीख घालून. उद्या पहाटे पाचला तांदूळ उपसायचे आहेत.